पैशाचे सोवळे

अमेरिकेतला गर्भपाताचा वाद म्हटला की डोळ्यांसमोर येतात ते फलक घेतलेले मोर्चे आणि वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या. पुढील पानांत त्यातले फारसे काही सापडणार नाही. सापडतील ते विम्याचे हप्ते, स्वतंत्र खाती, रात्री उशिरा झालेली मतदाने आणि महिन्याला एक डॉलर. गर्भपात योग्य की अयोग्य हा प्रश्न मला मोठा वाटे, आणि तो कुणाच्या पैशाने हा निव्वळ कारकुनी. म्हणून बरीच वर्षे मी या विषयाला बगल दिली. पण काँग्रेसमधली भांडणे मुळातून वाचू लागल्यावर दिसले की १९७३ नंतर तिथले कायदेमंडळ पुन्हा पुन्हा हातघाईवर आले ते या कारकुनी प्रश्नावरच.

१९७३ मध्ये ‘रो विरुद्ध वेड’ निकालाने गर्भपात हा घटनात्मक हक्क ठरला. तीनच वर्षांनी इलिनॉयचे रिपब्लिकन सदस्य हेन्री हाइड यांनी वेगळी वाट काढली. हक्काला हात लावता येत नसेल, तर तिजोरीला कुलूप लावावे. गरिबांसाठी १९६५ पासून चालत आलेल्या मेडिकेड योजनेतून गर्भपाताचा खर्च करू नये, अशी त्यांची दुरुस्ती १९७६ मध्ये मंजूर झाली. गंमत अशी की हा कायमचा कायदा नव्हेच. खर्चाच्या वार्षिक विधेयकाला जोडलेले ते शेपूट आहे आणि दरवर्षी नव्याने जोडावे लागते. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवले. बहुमताचे म्हणणे थोडक्यात असे: बाईची गरिबी सरकारने निर्माण केलेली नाही, तेव्हा त्या गरिबीमुळे हक्क बजावता आला नाही, तर ती अडचण दूर करणे सरकारवर बंधनकारक नाही. या विषयात नव्याने येणाऱ्याने हा निकाल आधी वाचावा. हक्क असणे आणि तो परवडणे यांतले अंतर इतक्या निर्विकारपणे मांडलेले क्वचितच आढळते.

आपल्याकडची वाट निराळी होती. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला. त्याची भाषा हक्काची नव्हती. ती डॉक्टरच्या मताची आणि बाईच्या आरोग्याची होती. करदात्याच्या सदसद्विवेकाला तिथे फारसे कुणी विचारले नाही. म्हणूनच २००९ चा अमेरिकी गोंधळ मराठी वाचकाला प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटतो.

त्या वर्षी बराक ओबामांच्या आरोग्यसुधारणेत सर्वांनी एकच घोषणा केली: गर्भपाताबाबत आहे तेच चालू राहील. पण ‘आहे ते’ म्हणजे काय? नव्या योजनेत सामान्य कुटुंब खाजगी कंपनीचा विमा घेणार, हप्त्याचा काही भाग स्वतः भरणार आणि उरलेला सरकार भरणार. दोन्ही पैसे एकाच गल्ल्यात. त्या गल्ल्यातून गर्भपाताचे बिल चुकते झाले, तर ते कुणी भरले?

इथे मराठी वाचकाला एक शब्द आपोआप आठवेल: सोवळे. प्रतिनिधिगृहातल्या कॅलिफोर्नियाच्या सदस्य लोइस कॅप्स, मूळच्या परिचारिका, यांचा तोडगा दोन भांडी वेगळी ठेवण्याचा होता. सरकारी पैसा एकीकडे, विमेदाराचा दुसरीकडे, आणि गर्भपाताचा खर्च दुसऱ्यातून. मिशिगनचे डेमोक्रॅट बार्ट स्टुपाक यांना हे पटेना. एकदा सरकारी पैसा शिवला की सगळा विमाच ओवळा, असा त्यांचा हिशेब. अनुदान घेणाऱ्या कुणालाही गर्भपात समाविष्ट असलेला विमा घेता येऊ नये. हवा असेल तर तेवढ्यापुरता वेगळा जोडविमा स्वतःच्या पैशाने घ्यावा. ७ नोव्हेंबर २००९ च्या रात्री प्रतिनिधिगृहात त्यांची दुरुस्ती २४० विरुद्ध १९४ मतांनी संमत झाली. त्यात ६४ डेमोक्रॅट होते. त्यांच्याशिवाय मूळ विधेयक तरले नसते. ते २२० विरुद्ध २१५ असे जेमतेम पार पडले.

सिनेटने स्टुपाक यांचा मार्ग नाकारला आणि नेब्रास्काच्या बेन नेल्सन यांच्या आग्रहाखातर दोन भांड्यांचीच पद्धत आणखी कडक केली. पुढे मॅसेच्युसेट्सची पोटनिवडणूक हरल्याने विरोधकांची अडवणूक मोडायला लागणारे डेमोक्रॅटांचे सिनेटमधले साठ मतांचे बळ गेले आणि प्रतिनिधिगृहाला सिनेटचेच विधेयक जसेच्या तसे स्वीकारावे लागले. कॅथलिक बिशपांचा विरोध कायम राहिला. पण कॅथलिक रुग्णालयांच्या संघटनेच्या प्रमुख, सिस्टर कॅरल कीहान, विधेयकाच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि अनेक धर्मभगिनींनीही पाठिंब्याच्या पत्रावर सह्या केल्या. बिशप एकीकडे, भगिनी दुसरीकडे. या फुटीवर खरे तर स्वतंत्र पुस्तक व्हावे. शेवटी हाइड यांची मर्यादा पाळली जाईल असा कार्यकारी आदेश काढण्याचे ओबामांनी मान्य केले, स्टुपाक वळले, आणि २१ मार्च २०१० रोजी २१९ विरुद्ध २१२ मतांनी विधेयक संमत झाले. स्टुपाक सभागृहात बोलत असताना एका रिपब्लिकन सदस्याने ‘बाळांचा मारेकरी’ अशा अर्थाची आरोळी ठोकली. आयुष्यभर गर्भपाताला विरोध केलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावे! त्यांनी पुढची निवडणूक लढवलीच नाही.

माझा कल लपवत नाही. करदात्याचा सदसद्विवेक ही मला थट्टेची गोष्ट वाटत नाही. युद्धासाठी कर भरताना कुढणारी माणसेही असतातच. पण नोकरीतून मिळणाऱ्या विम्याच्या हप्त्यावर अमेरिकी सरकार कर घेत नाही. तेही अनुदानच, फक्त न दिसणारे. न्यू जर्सीत संगणक कंपनीत काम करणाऱ्या आपल्या भाच्याला ते मिळते. त्या पैशाच्या विटाळाची चर्चा क्वचितच होते. सोवळे नेमके गरिबाच्या आणि अर्ध्यामुर्ध्या मध्यमवर्गाच्या पैशालाच लागू का व्हावे, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

जोडविम्याची कल्पनाही मेली नाही. मिशिगनने २०१३ मध्ये तसा राज्याचा कायदा केला. त्या चर्चेत राज्य सिनेटमधील विरोधी नेत्या ग्रेचेन व्हिटमर यांनी स्वतःवर झालेल्या बलात्काराविषयी सांगितले आणि विचारले, असा प्रसंग गृहीत धरून आधीच विमा कोण घेईल? त्या दिवशी त्या हरल्या. गव्हर्नर झाल्यावर, २०२३ मध्ये, त्यांनी तो कायदा रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली. दरम्यान २०२२ मध्ये ‘रो’ निकालच मोडीत निघाला होता. हक्क गेला, हप्त्यांचे नियम मात्र जागच्या जागी आहेत.

ते पाहायचे तर २०१० च्या कायद्याचे कलम १३०३ उघडावे. गर्भपात समाविष्ट असलेल्या विम्यात त्यासाठीची रक्कम प्रत्येक विमेदाराकडून, स्त्री असो वा पुरुष, वय कितीही असो, वेगळी घ्यायची आणि वेगळ्या खात्यात ठेवायची. माणशी महिन्याला किमान एक डॉलर. खरा खर्च त्याहून कमी निघाला तरी एक डॉलरच. आणि तो खर्च काढताना, गर्भपातामुळे बाळंतपणाचा आणि गरोदरपणातल्या तपासण्यांचा जो खर्च वाचेल, तो हिशेबात धरायला विमा-गणितज्ञाला कायद्यानेच मनाई आहे.