कातळावरचा हिशेब

युरोपांतील मोठ्या कंपन्यांनीं नफ्यातोट्याबरोबर हवा, पाणी, जंगल व कामगार यांचाही हिशेब दरवर्षीं लोकांपुढें मांडावा, असा कायदा युरोपियन युनियननें २०२२ सालीं केला. हा प्रकार अगदीं नवा व परक्या मुलखाचा आहे, असें पुष्कळांस वाटेल. परंतु धनिकानें व कारागिरानें समाजास दिलेला शब्द सर्वांस वाचतां येईल अशा जागीं लिहून ठेवावा, ही कल्पना आपल्या पुणें जिल्ह्यांत सुमारें दोन हजार वर्षांची जुनी आहे. तिचा पुरावा जुन्नरच्या डोंगरांत कोरलेला आहे.

कोंकणांतील बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरास येत असे. त्या व्यापाराच्या संपत्तींतून लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी व तुळजा येथील लेणीं उभीं राहिलीं. तेथील शिलालेखांत राजांपेक्षां उद्योगी माणसेंच अधिक भेटतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टाकें दिलें. बुरुडांच्या व कांसारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठीं पैसा ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. आदुथुम नांवाच्या एका शक उपासकाचा लेख तर आजच्या विषयास फारच जवळचा आहे. वडालिका गांवीं करंजाच्या झाडांसाठीं २० निवर्तनें व कटपुतक गांवीं वडांसाठीं ९ निवर्तनें जमीन त्यानें दिली, असा त्या लेखाचा अर्थ अभ्यासकांनीं लाविला आहे. त्यांत कोनाचिक नांवाच्या श्रेणीचाही उल्लेख आहे.

ही पद्धत कशी चाले, तें नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखावरून अधिक स्पष्ट होतें. नहपान क्षत्रपाच्या ह्या जांवयानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेविले. २,००० दरमहा शेंकडा एक ह्या दरानें आणि १,००० शेंकडा पाऊण दरानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याजांतून भिक्षूंचा खर्च भागवावयाचा. हें सारें निगमसभेंत वाचून दाखविलें, फलकावर नोंदविलें व मग कातळावर कोरलें. रक्कम, दर, हेतु व जबाबदार संस्था ह्या चारही गोष्टी त्यांत आहेत.

मात्र एका गोष्टीविषयीं हे लेख मुके आहेत. करंज खरोखर लागले काय, वड वाढले काय, व्याज किती वर्षें पोंचलें, हें कोणत्याही शिळेवर लिहिलेलें नाहीं. शिलालेख वचन सांगतो. वचनाची पूर्ति सांगत नाहीं.

युरोपांतही आरंभीं असेंच झालें. २०१४ च्या निर्देशानें मोठ्या कंपन्यांस अशी माहिती देणें भाग पाडलें. पण प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीनें लिही. २०२१ च्या हवामान कायद्यानें २०३० पर्यंत उत्सर्जन १९९० च्या मानानें निदान ५५ टक्के घटविण्याचें व २०५० पर्यंत तें निव्वळ शून्यावर आणण्याचें बंधन घातलें. मग नुसत्या गोड शब्दांवर विसंबणें अशक्य झालें. म्हणून २०२२ च्या कायद्यानें समान नमुना व बाहेरील तपासनिसाची साक्ष आवश्यक केली. कंपनीमुळें जगाचें काय होतें आणि जगाच्या बदलामुळें कंपनीचें काय होईल, अशा दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. आपल्याकडे सेबीनेंही पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांस २०२२-२३ पासून असा अहवाल सक्तीचा केला.

परंतु हिशेब लिहिण्यासही खर्च येतो, आणि तो बहुधा खालच्या पायरीवरील माणसाकडे ढकलला जातो. द्राक्षांचेंच उदाहरण घ्या. २०१० सालीं एका वाढनियंत्रक रसायनाचा अंश सांपडल्यामुळें भारतीय द्राक्षें युरोपांत अडलीं, तेव्हां त्याची झळ बागाईतदारांस लागली. आज जुन्नर तालुक्यांतून निर्यात करणाऱ्या शेतकऱ्यास बागेची नोंदणी व अंशांची तपासणी चुकत नाहीं. त्यांत कार्बनचे रकाने वाढले, तर ते भरण्याचें बळ लहान शेतकऱ्यानें कोठून आणावें? ही अडचण युरोपासही उमगली. २०२५ च्या एप्रिलांत अनेक कंपन्यांस दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. डिसेंबरांत कायद्याची व्याप्ति आंखडण्यावर व लहान पुरवठादारांकडून मागावयाच्या माहितीस मर्यादा घालण्यावर एकमत झालें. कोणी ह्यास शहाणपण म्हणतात, कोणी माघार.

दोन्ही पक्षांनीं शेजारच्या आंबेगांव तालुक्याकडे पाहावें. ३० जुलै २०१४ रोजीं मुसळधार पावसांत माळीण गांवावर डोंगर कोसळला व दीडशेहून अधिक माणसें दगावलीं. अशा आपत्तीचें एकच कारण सांगणें उचित नव्हे. तरी डोंगर, झाडें, पाऊस व वस्ती यांचें खातें एकच आहे, हें तेथें कळतें. त्यांतील तूट कागदावर न दिसली तरी माणसांस भरावी लागते.

म्हणून हिशेब नको, असें म्हणतां येणार नाहीं. तो थोडका असावा, खरा असावा, आणि ज्याची ऐपत मोठी त्यानें तो आधीं द्यावा. आदुथुमानें झाडांसाठीं जमीन मोजून दिली. त्या जमिनीवर झाडें उभीं आहेत काय, हें वर्षानुवर्षें जाऊन पाहण्याचें काम मात्र त्याच्या लेखानें कोणावरच सोंपविलें नव्हतें. तें आतां आपणांवर आलें आहे.