सेल्फ, करंट आणि परतीची वाट

मी ज्या गॅरेजांच्या आसपास वाढलो, तिथे डिस्ट्रिब्युटरला कुणी डिस्ट्रिब्युटर म्हणत नसे. तो ‘डेल्को’. स्टार्टर मोटर म्हणजे ‘सेल्फ’, आणि प्लगमध्ये पडणारी ठिणगी म्हणजे ‘करंट’. यातला ‘डेल्को’ हा शब्द अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावाहून आला आहे, हे बोलणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं काही कारणही नव्हतं.

डेटनमध्ये नॅशनल कॅश रजिस्टर ही गल्ल्याची यंत्रं बनवणारी कंपनी होती. तिथल्या चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने गल्ल्याला विजेची मोटर बसवली. मोटर चिमुकली, पण तिला काम क्षणभरच करायचं होतं. क्षणभरासाठी लहान मोटरही झेपेल त्यापेक्षा बराच जास्त भार ओढते, ही त्यातली मेख. पुढे त्याने एडवर्ड डीड्ससोबत डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. तिची आद्याक्षरं म्हणजे डेल्को. या कंपनीची बॅटरीवर चालणारी इग्निशन १९१०च्या कॅडिलॅकमध्ये आली आणि १९१२च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ-स्टार्टर बसला. तोवर गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल फिरवायचं, आणि इंजिनाने उलटा फटका दिला तर मनगट मोडून घ्यायचं.

‘सेल्फ सलग मारू नका, मोटर जळेल’ असं मेकॅनिक ओरडायचा, तेव्हा तो केटरिंगचीच अट सांगत असायचा. ताकद उसनी आहे, क्षणभरापुरती आहे.

ही सगळी व्यवस्था मुंबईत फियाटच्या रूपाने नांदली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ बनू लागली. तीच पुढे नाव बदलून प्रीमियर पद्मिनी झाली, पण लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणाले. मूळ इटालियन गाडी १९५३ची, इंजिन १०८९ सीसीचं, आणि ठिणगी पाडायची रीत केटरिंगच्या वळणाची. इटलीत नव्या गाड्या आल्या, जुन्या गेल्या. आपल्याकडे परवाना-राज्यात निवड करायला गाड्याच दोन-तीन, त्यांनाही वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. त्यामुळे गाडी टाकून देणं हा पर्याय कुणाच्या डोक्यात येत नसे. ती का सुरू होत नाही, हे शोधण्याची विद्या इथे इतकी मुरली त्याचं हेही एक कारण, असं मला वाटतं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती टॅक्सी रस्त्यावरून उतरली.

त्या विद्येचा पहिला नियम असा की आधी विचारायचं, मग उघडायचं. सेल्फ फिरतोय का? फिरतोय, पण इंजिन पकडत नाही, तर करंट बघा. प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून जरा दूर धरायचं आणि सेल्फ मारायला सांगायचं. निळी, कडक ठिणगी असेल तर ठीक. पिवळट, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर डेल्कोचं झाकण उघडायचं. आत दोन इवले पॉइंट. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं तेव्हा हे पॉइंट मिनिटाला सहा हजार वेळा उघडतात-मिटतात. झिजणार, काजळणार, चिकटणार. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. फीलर गेज नसेल तर सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा घडी करून सरकवायचा. पावसाळ्यात तर निम्म्या वेळा नुसतं झाकण आतून कोरड्या फडक्याने पुसलं की काम व्हायचं.

करंट आहे, मग पेट्रोल. प्लग खोलून बघायचा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाहीये. ओला असेल तर येतंय, पण पेटत नाहीये. काळा मखमली असेल तर कार्बोरेटर फार पाजतोय. विटकरी-तपकिरी असेल तर प्लगला दोष देऊ नका. मे महिन्यात पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची, तेव्हा पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचं. हा उपाय कुठल्याही पुस्तकाइतका खात्रीचा होता.

पण ही साखळी चुकीच्या कडीपासून धरली तर काय होतं, ते आमच्या घरी १९८६च्या पावसाळ्यात घडलं.

१९८२च्या संपानंतर बाबांची गिरणी परत उघडली नाही. त्यांनी उसनवारी करून एक जुनी फियाट टॅक्सी घेतली. त्या जुलैत ती सेल्फवर उठेना. नुसती कण्हायची. धक्का दिला की मात्र पहिल्या फटक्यात सुरू. धक्क्यावर सुरू होते म्हणजे बॅटरी गेली, असं स्टँडवरच्या सगळ्यांचं निदान. बाबांनी आणखी उसने घेऊन नवी बॅटरी आणली. दोन दिवस जरा बरं चाललं, मग तीही उतरली. भर पावसात भाडं खाली उतरवून गाडी ढकलायची वेळ आली. बाबा इंजिन बंदच करेनासे झाले, स्टँडवर उभ्या गाडीत पेट्रोल जळत राहायचं. बॅटरीवाल्याच्या दुकानात जाऊन त्यांनी चार लोकांत त्याला चोर म्हटलं. त्याने निमूटपणे बॅटरी रात्रभर चार्ज करून परत दिली.

त्या सकाळी गॅरेजवाले चाचा आले. बाबांना म्हणाले, “भाऊ, बत्ती लगाओ, फिर सेल्फ मारो.” हेडलाइट लख्ख लागले. सेल्फ कण्हला, पण दिवे मंदावले नाहीत. चाचांनी मान हलवली. बॅटरी दमलेली असती तर दिवे बसले असते. दिवे तसेच, म्हणजे सेल्फपर्यंत वीज नीट फिरतच नाही. त्यांनी बाबांना आणखी एकदा सेल्फ मारायला लावलं आणि चोकच्या तारेला बोट लावून झटकन मागे घेतलं. तार तापली होती.

चोकच्या तारेत करंटचं काय काम? फियाटचं इंजिन रबरी पायांवर बसतं, म्हणून बॉडीशी जोडायला तांब्याची विणलेली पट्टी लागते. सेल्फने ओढलेली सगळी वीज बॅटरीकडे परत जाते ती त्या पट्टीतून. आमची पट्टी गंजून तुटली होती. वीज मग चोकच्या बारीक तारेतून वाट काढत होती. धक्का दिल्यावर ठिणगीपुरती तेवढी वाट पुरत होती, सेल्फला पुरत नव्हती, आणि बॅटरी चार्ज व्हायलाही पुरत नव्हती.

“नई बैटरी डालके क्या होगा? करंट को वापस जाने का रास्ता किधर है?” चाचा म्हणाले. त्यांनी भंगारातली एक पट्टी घासून चकचकीत केली आणि दोन बोल्टांनी कसली. सेल्फ असा फिरला की बाबा दचकले.

त्याच दुपारी बाबा बॅटरीवाल्याकडे गेले. तिथे काय बोलले ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. गाडी विकेपर्यंत तिच्या बॅटऱ्या मात्र त्याच दुकानातून आल्या, आणि भावावरून बाबांनी एकदाही घासाघीस केली नाही.