युनायटेड टास्मानिया ग्रूप

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्यात १९७२ मध्ये स्थापन झालेला अल्पजीवी राजकीय पक्ष. पर्यावरणरक्षणाच्या ध्येयाने निवडणूक लढविणारा जगातील पहिला पक्ष म्हणून तो सामान्यतः ओळखला जातो.

टास्मानियाच्या नैर्ऋत्य भागातील पेडर सरोवर त्याच्या गुलाबी छटेच्या वालुकामय किनाऱ्याबद्दल प्रसिद्ध होते. १९५५ मध्ये हा परिसर राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला होता. तथापि १९६७ मध्ये जलविद्युत् आयोगाच्या गॉर्डन नदीवरील योजनेस राज्याने मंजुरी दिल्यामुळे सरोवर बुडणार, हे निश्चित झाले. मजूर आणि लिबरल हे दोन्ही प्रमुख पक्ष योजनेला अनुकूल असल्याने विरोधकांना विधिमंडळात वाली उरला नाही. परिणामी २३ मार्च १९७२ रोजी होबार्टच्या नगरभवनातील जाहीर सभेतून हा पक्ष उदयास आला. वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड जोन्स हे त्याचे प्रमुख नेते होते. ‘नवी नीती’ या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सनदेत, मानव हा निसर्गाचा स्वामी नसून घटक आहे, अशी भूमिका होती.

एका महिन्यातच झालेल्या राज्य निवडणुकीत पक्षाला सु. ३·९ टक्के मते मिळाली. जागा मात्र एकही मिळाली नाही. एरिक रीस यांचे मजूर पक्षीय शासन सत्तेवर आले आणि सरोवर पाण्याखाली गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पक्षाच्या कार्यकर्त्या ब्रेंडा हीन कॅनबराकडे निघाल्या असता त्यांचे विमान वैमानिकासह बेपत्ता झाले. १९७३ मध्ये संघशासनाच्या चौकशी समितीने सुचविलेली स्थगितीही रीस यांनी नाकारली. १९७६ नंतर पक्षाचे कार्य थंडावले.

पेडरच्या लढ्यात अखेरचा निर्णय राज्याच्याच हाती राहिला होता. फ्रँक्लिन नदीवरील धरणाच्या वेळी परिस्थिती बदलली. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या टास्मानियन विल्डरनेस सोसायटीने हा लढा देशव्यापी केला. १९८२ मध्ये तो प्रदेश जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला व त्या आधारे केलेला संघीय कायदा उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी ग्राह्य धरल्याने धरण रद्द झाले. या लढ्याचे अग्रणी बॉब ब्राउन हे १९७५ मध्ये युनायटेड टास्मानिया ग्रूपचे सिनेटसाठी उमेदवार होते. १९८३ मध्ये ते राज्य विधानसभेत गेले. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या टास्मानियन ग्रीन्स पक्षाची मुळे याच चळवळीत आहेत. पक्षाला सरोवर वाचविता आले नाही व विधानसभेत स्थानही मिळाले नाही. परंतु निसर्गरक्षण हा मतपेटीतून मांडण्याचा प्रश्न आहे, ही कल्पना त्याने रूढ केली.