बुटावर सांडलेले थेंब

पावसाळी ट्रेकसाठी जॅकेट घ्यायला गेलं की लेबलवर 'वॉटर रिपेलंट' हे शब्द हमखास दिसतात. पाणी आत न शिरू देणारं प्लॅस्टिक वेगळं आणि पाण्याला अंगाला चिकटूच न देणारं कोटिंग वेगळं. या दुसऱ्या भानगडीचा इतिहास मी गेले दोन-तीन वीकेंड वाचतोय. रंजक आहे, आणि थोडा भीतीदायकसुद्धा!

साल १९५३. अमेरिकेत मिनेसोटामधली थ्री-एम कंपनीची लॅब. विशीतली पॅट्सी शर्मन विमानाच्या इंधनाच्या नळ्यांसाठी इंधनाला दाद न देणारं रबर शोधत होती. एक दिवस सहायकाच्या हातून त्या फ्लोरिनवाल्या रसायनाचे थेंब कॅनव्हासच्या बुटावर सांडले. पाणी, साबण, अल्कोहोल... काही केल्या ते निघेनात. उलट तेवढ्या जागेवरून सगळं घरंगळून जायला लागलं. शर्मन आणि तिचा सहकारी सॅम स्मिथ यांनी हा धागा पकडला आणि १९५६ मध्ये 'स्कॉचगार्ड' बाजारात आलं. (कापड गिरणीत चाचण्या चालू असताना शर्मनला बाहेर थांबावं लागे, कारण गिरणीत बायकांना प्रवेश नव्हता. शोध हिचा, आणि ही दाराबाहेर!)

आता यामागचं गणित. थेंब पसरणार की गोळा होऊन बसणार, हे एका रस्सीखेचीवर ठरतं. एकीकडे द्रवाच्या रेणूंची आपसातली ओढ, दुसरीकडे पृष्ठभागाची. वॉशिंग्टनला नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम झिस्मनने ही ओढ आकड्यांत मांडली. एककं सोडून देऊ, नुसते आकडे बघा. पाण्याचा पृष्ठताण ७२, खाण्याच्या तेलाचा तिशीच्या आसपास. मेणाच्या पृष्ठभागाचा आकडा साधारण २३, टेफ्लॉनचा १८. आणि एक कार्बन-तीन फ्लोरिन असे गट दाटीवाटीने बाहेर तोंड करून उभे केले तर फक्त ६! यात जाडीचा काही संबंध नाही. एका रेणूइतका पातळ थर असला तरी पुरतो, कारण थेंबाला 'दिसतात' ते फक्त सर्वात बाहेरचे अणू.

म्हणजे कोटिंगचा रेणू कंगव्यासारखा हवा. दांडा कापडाला चिकटलेला, दाते बाहेर. आठ कार्बनचे दाते असले की ते एकमेकांना टेकून शिस्तीत उभे राहतात. चार-सहाचे केले तर ओल्यात आडवेतिडवे होतात आणि पाण्याला वाट मिळते. म्हणून अख्ख्या इंडस्ट्रीत आठ कार्बनची साखळी चालली.

गोची इथेच आहे. कार्बन-फ्लोरिन बंध इतका मजबूत की ऊन, जंतू, शरीर, कोणीच तो तोडू शकत नाही. १९७५ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांना रक्तपेढीतल्या साध्या रक्तात फ्लोरिनची अशी संयुगं सापडली आणि त्यांनी थ्री-एमकडे चौकशीही केली. तरी या आठ कार्बनवाल्या रसायनाचं, पीएफओएसचं, उत्पादन थांबवायची घोषणा झाली थेट मे २००० मध्ये. २००९ साली ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. मिनेसोटाने लावलेला पाण्याच्या प्रदूषणाचा खटला कंपनीने २०१८ मध्ये ८५ कोटी डॉलर देऊन मिटवला, आणि २०२२ च्या डिसेंबरात अशी सगळीच रसायनं २०२५ अखेर बंद करू असं जाहीर केलं.

मला खटकतं ते वेगळंच. वरचे आकडे परत बघा. पाणी ७२ आणि मेण २३. म्हणजे पावसासाठी फ्लोरिन लागतच नाही! अळूच्या पानावर दुसरं काय असतं? सूक्ष्म खडबडीतपणा आणि वर मेण. फ्लोरिन लागतं ते तेलासाठी, सोफ्यावरच्या भजीच्या डागांसाठी. पण एकाच बाटलीत दोन्ही कामं होतात म्हटल्यावर तेच रसायन रेनकोटवरही गेलं.

हल्ली फ्लोरिनमुक्त जॅकेटं मिळतात, त्यांच्यावर मेण किंवा सिलिकोन असतं. घाम-तेलाने ती लवकर मळतात, मग पाणी पसरायला लागतं. धुवून पुन्हा कोटिंगचा स्प्रे मारावा लागतो. दर सीझनला एकदा, ट्रेक फार असतील तर दोनदा.