वाजविणारी पेटी आणि ऐकणारी पेटी

माणसाचा आवाज तोंडातून निघाला की हवेत विरून जातो. तो धरून ठेवावा, बरोबर न्यावा आणि मनात येईल तेव्हा पुन्हा ऐकावा, ही हौस फार जुनी आहे. आज ती तळहातावर मावणाऱ्या पेटीने पुरी झाली आहे. हजारो गाणी, कीर्तने, नाटके, चित्रपट तिच्यात सुखाने राहतात. अशा पेटीचे गुण कोणते, असे दुकानदाराला विचारले तर तो आत जागा किती, पडदा केवढा, एकदा वीज भरली की किती तास चालते, हे भराभर सांगतो. परंतु एक गुण तो सहसा सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही. ही पेटी नुसती वाजविते, की ऐकूनही घेते? भगिनींनो, या लेखात मला या एकाच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

आरंभ आपल्या जिल्ह्यापासूनच करू. प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असे परंपरा मानते, तो ‘पैस’ खांब तेथे आहे. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या एका पुस्तकाला त्याचेच नाव दिले. सांगणारे ज्ञानेश्वर आणि उतरून घेणारे सच्चिदानंदबाबा. लिहून घेणारा शेजारी बसला होता म्हणून तो शब्द सातशे वर्षे टिकला. ओवी तर त्याच्याही आधीची आहे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात असा उल्लेख आढळतो. म्हणजे ओवी आधी बायकांच्या तोंडी होती. परंतु जात्यापाशी, उखळापाशी कोणी सच्चिदानंदबाबा लेखणी घेऊन बसला नाही. त्या ओव्या आईने लेकीला आणि सासूने सुनेला कानांवाटे दिल्या, आणि जिच्यापुढे कोणी ऐकणारे नव्हते तिच्याबरोबर त्या गेल्या.

माझी आजी राहुरी तालुक्यातली. तिला अक्षर ओळखता येत नव्हते, पण पहाटे जात्याचा खुंटा हातात आला की माहेरची वाट, भाऊ, पंढरीचा विठोबा, सीतेचा वनवास, सगळे एकामागून एक निघत असे. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. दळणाचे कष्ट गेले याचे मला मुळीच दुःख नाही. रोज पहाटे उठून पायली पायली दळणाऱ्या बायकांनी गिरणीला दुवाच दिला असेल. पण दळणाबरोबर गाणेही थांबले, आणि घरात ते उतरून ठेवणारे कोणी नव्हते. आजीच्या ओव्यांतल्या चार-सहाच आज मला आठवतात.

आता यंत्राकडे वळू. अमेरिकेत एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. त्याचा विशेष असा की तो बोललेले टिपून घेई आणि तेच परत ऐकवी. कानही होता आणि तोंडही होते. त्यानंतर दहा वर्षांनी बर्लिनरने सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला. तबकडी स्वस्तात हजारोंनी छापता येई, म्हणून ती जगभर गेली. परंतु घरातल्या ग्रामोफोनला नुसते तोंड राहिले, कान गेला. आवाज टिपणे हे कंपनीचे काम झाले आणि ऐकणे हे आपले. हिंदुस्थानात १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले. गाण्याच्या शेवटी ती आपले नाव सांगत असे. तबकडी जर्मनीत छापली जाई, तेथील कारागिरांना गाणारी कोण हे कळावे म्हणून ही योजना. पुढे हिराबाई बडोदेकरांसारख्या थोर गायिकांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या. पण कंपनीच्या दारापर्यंत जी पोहोचू शकली तिचाच आवाज तबकडीवर चढला. गावातल्या गळ्यांना तेथे जागा नव्हती.

मग रेडिओ आला आणि पाठोपाठ ट्रान्झिस्टर. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात रस्त्यांची आणि तलावांची कामे निघाली. आमच्या गावच्या कामावर मुकादमाच्या खांद्याला ट्रान्झिस्टर लटकलेला असे, आणि खडी फोडता फोडता बायका ‘आपली आवड’ ऐकत. गाणे माणसाबरोबर शेतात, कामावर जाऊ शकते हे आम्ही प्रथम तेथे पाहिले. पण ट्रान्झिस्टरही बोलणाराच. ऐकून घेणारा नव्हे.

कान परत आला तो कॅसेटने. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही लहान फीत बाजारात आणली. तांबडी कळ आणि तिच्या शेजारची कळ एकदम दाबली की समोरचा आवाज फितीवर उतरे. १९८० नंतर आपल्याकडे कॅसेटचा सुकाळ झाला. लग्नातली गाणी, भारुडे, भजनी मंडळांची भजने, बाळाचे पहिले बोल, सारे लोकांनी हौसेने टिपले. मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी ढिली झाली आणि बोलीभाषेतल्या गाण्यांना बाजार मिळाला.

आता पाहा, इतिहासाने पुढे काय केले. जपानच्या सोनी कंपनीजवळ बातमीदारांसाठी बनविलेले एक लहान टेपरेकॉर्डर होते. त्यातले आवाज टिपण्याचे यंत्र काढून टाकले, हेडफोन जोडले, आणि १ जुलै १९७९ रोजी वॉकमन विक्रीस आला. जे टिपत नाही ते कोण घेणार, अशी शंका कंपनीतच अनेकांना होती. पण तो जगभर खपला. सोनीचे अध्यक्ष मोरिता यांनी आपल्या आत्मचरित्रात एक गोष्ट सांगितली आहे. ते घरी हेडफोन लावून यंत्राची परीक्षा करीत बसले, तेव्हा त्यांच्या पत्नीला आपण बाहेर पडल्यासारखे वाटून ती नाराज झाली. तेव्हा दोघांना बरोबर ऐकता यावे म्हणून पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोके ठेवली. शिवाय एक नारिंगी कळ होती. ती दाबली की गाणे हळू होई आणि शेजारच्याचे बोलणे कानात येई. पुढच्या नमुन्यातून ती कळ गेली. एका गृहिणीच्या तक्रारीतून यंत्रात सोय झाली, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तक्रार केली नाही तर सोयही होत नाही.

यानंतर फीतही गेली आणि आवाजाचे आकडे झाले. आकड्यांत मांडलेले गाणे फार जागा खाते, म्हणून जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतील शास्त्रज्ञांनी ते आवळण्याची रीत शोधली. मोठ्या आवाजापुढे बारीक आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. तेव्हा तो टाकून दिला तरी चालतो, हे तिचे मर्म. या रीतीने गाणे सुमारे अकराव्या हिश्शात मावू लागले. १९९५ साली तिला एम्पीथ्री हे नाव मिळाले. ही रीत पारखताना सुझान वेगा या गायिकेने साथीशिवाय म्हटलेले एक गाणे त्यांनी वापरले होते. वाद्यांच्या गर्दीत जे दोष लपत, ते एकट्या बाईच्या आवाजात उघडे पडत. सुरुवातीला तो आवाज अगदी बिघडून निघे. तो नीट होईपर्यंत त्यांनी रीत सुधारली. मला वाटते, जात्यावरच्या ओवीला हीच कसोटी लागू आहे. तिला ना तबला ना पेटी; तिच्यात नुसता गळा आणि दगडाची घरघर.

१९९८ साली दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने एम्पीमॅन हा खिशातला प्लेअर काढला. त्याची जागा बत्तीस मेगाबाइट, म्हणजे जेमतेम सात-आठ गाण्यांची. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपल कंपनीचा आयपॉड आला. पाच गिगाबाइट जागा, हजार गाणी, बोटाने फिरवावयाचे चाक आणि दहा तास पुरणारी वीज. २००२ साली फ्रान्सच्या आर्कोस कंपनीने चित्रेही दाखविणारा प्लेअर आणला, तर ऑक्टोबर २००५ मध्ये आयपॉडलाही अडीच इंचाच्या पडद्यावर चित्रपट दाखविता येऊ लागला. जागा वाढली, पडदा वाढला, पण तांबडी कळ? पहिल्या आयपॉडला ती नव्हती. २००९ साली त्याच्या नॅनो या धाकट्या भावंडाला चित्रीकरणाचा कॅमेरा मिळाला, आणि पुढच्याच वर्षीच्या नमुन्यातून काढूनही घेतला गेला. मे २०२२ मध्ये आयपॉड बनविणेच बंद झाले. आपल्याकडे २०१७ साली सारेगामा कंपनीने ‘कारवाँ’ ही पेटी काढली. तीत पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेली. गौहरजानच्या काळापासून चालत आलेल्या ग्रामोफोन कंपनीचेच हे नवे नाव. वयस्कर माणसांना ती फार सोयीची, कारण नुसती खुंटी फिरविली की हवा तो गायक येतो. परंतु तीही वाजविणारीच पेटी.

आपल्या तालुक्याच्या गावांतून प्रत्यक्षात जो प्लेअर पोहोचला तो यांपैकी कोणताच नव्हे. तो म्हणजे साधा मोबाइल आणि त्यातले नखाएवढे मेमरी कार्ड. दुकानात कार्ड दिले की दुकानदार भक्तिगीते, कीर्तने, लावण्या, चित्रपट भरून देई. याच साध्या मोबाइलने, कोणी न मागता, कान परत आणला. आवाज टिपण्याची सोय त्यात असतेच. ती वापरली मात्र फारच थोडी जाते. आणि मोबाइल कोणाच्या हाती, हाही प्रश्न आहेच. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ५४ टक्केच स्त्रियांनी आपण स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याजवळ आहे असे सांगितले.

बायकांच्या गळ्यापाशी कोणीच बसले नाही असे मात्र नाही. पुण्यात हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी १९८० नंतरच्या काळात गावोगावच्या सहकाऱ्यांना घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे मोठे काम मांडले. महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी जमविल्या, आणि ओवी कोणी सांगितली व ती कोणत्या गावची, हेही लिहून ठेवले. बर्नार्ड बेल या अभ्यासकाने डिजिटल फितीवर सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. प्वातवाँ २००४ साली आणि हेमाताई २०१० साली निवर्तल्या. हा ठेवा २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला होत आहे. ते सर्व १२० तास आज नखाएवढ्या एका कार्डात बसतील. मोलाची वस्तू ती जागा नव्हे. गाणारणीसमोर बसून तिला ‘तुम्ही म्हणा, आम्ही ऐकतो’ असे सांगणे, हे मोलाचे.

ऐकण्याचे महत्त्व आपल्या जिल्ह्याला नवे नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले, तेव्हा गावोगावच्या, कित्येक तर अक्षरशत्रू अशा बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या बायका ऐकून, आठवून आणि एकमेकींना सांगून शिकल्या. जिला वाचता येत नाही तिच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते, ही समजूत त्यांनी खोटी ठरविली.

म्हणून या वर्धापनदिनी मंडळापुढे एक सूचना ठेविते. या वर्षी आपण सभासदांच्या घरच्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्या बायकांचा आवाज टिपू या. ओव्या, पाळणे, हादग्याची गाणी, दुष्काळाच्या आठवणी, जे त्या सांगतील ते. यंत्र नवे घ्यावयास नको, मोबाइल पुरे. मात्र थोडी पथ्ये पाळावी. पंखा आणि दूरदर्शन बंद ठेवावे. आरंभी गौहरजानप्रमाणे सांगणारीचे नाव, गाव, तालुका आणि तारीख मोठ्याने म्हणून घ्यावी. आवळलेल्या रूपातच ठेवू नये. पूर्ण रूपातील एक तास सुमारे साडेसहाशे मेगाबाइट जागा घेतो, म्हणजे बत्तीस गिगाबाइटच्या एका कार्डात पन्नास तास राहतात. वाटावयाच्या प्रती हव्या तर एम्पीथ्रीत कराव्या. मूळ प्रत दोन निराळ्या घरी ठेवावी, कारण कार्ड बिघडले की सारेच जाते. आणि सर्वांत आधी त्या बाईंची परवानगी घ्यावी. त्यांना नको असेल ते कोणाला ऐकवू नये, गटावर तर मुळीच पाठवू नये.

२०२४ साली आपल्या जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. चौंडीच्या लेकीचे नाव जिल्ह्याला लाभले याचा आपणा सर्वांना आनंद आहे. त्याच जिल्ह्यातल्या असंख्य लेकींचे नाव कोठेच लिहिलेले नाही. त्यांचा आवाज तरी राहावा. पुढच्या स्मरणिकेत किती तास टिपले आणि किती जणींनी सांगितले याचा हिशेब चिटणीसबाईंनी जमाखर्चाच्या शेजारीच छापावा, एवढी विनंती करून लेख पुरा करिते.