साठच्या बल्बचा निरोप

सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास या स्मरणिकेत इतर मंडळी लिहितीलच. मी एका छोट्या वस्तूचा इतिहास लिहितो. ती याच पंचवीस वर्षांत आपल्या घरांतून नाहीशी झाली आणि जाताना कोणाला कळलेही नाही. ती वस्तू म्हणजे पिवळ्या उजेडाचा साठचा बल्ब.

एडिसनने १८७९ मध्ये टिकाऊ बल्ब करून दाखवला. पुढे कार्बनच्या जागी टंगस्टनची तार आली, आत वायू भरला गेला, पण तत्त्व तेच राहिले : तार इतकी तापवायची की तिचा उजेड पडावा. त्यामुळे शंभर रुपयांच्या विजेतले जेमतेम पाच-सात रुपये उजेडात जात, बाकीची नुसती उष्णता. त्यात १९२४ मध्ये जगातल्या बड्या बल्ब कंपन्यांनी संगनमत करून बल्बचे आयुष्य १,००० तासांवर बांधून टाकले. जास्त टिकणारा बल्ब काढला तर कंपनीला दंड!

उभी नोकरी बँकेत झाल्यामुळे मला याचा हिशेब कर्जासारखा दिसतो. साठचा बल्ब रोज पाच तास लावला तर वर्षाला सुमारे ११० युनिट होतात. युनिटला सात रुपये धरले तर ७७० रुपये. तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी वर्षाला १६-१७ युनिट घेतो, म्हणजे ११५ रुपये. जुना बल्ब म्हणजे मुद्दल दहा-बारा रुपये आणि व्याज सावकारी! पण दुकानात उभा असलेला माणूस किंमत बघतो, बिल महिन्याने येते. शिवाय अनेक घरांत बल्ब मालक लावतो आणि बिल भाडेकरू भरतो. सरकारांना मध्ये पडावे लागले ते यामुळे.

क्युबाने २००५ नंतर घरोघर माणसे पाठवून जुने बल्ब काढून घेतले आणि सीएफएल फुकट बसवून दिले. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये बंदी जाहीर केली आणि २००९ मध्ये ती अमलात आणली. युरोपीय संघाने पायऱ्या पाडल्या : सप्टेंबर २००९ मध्ये शंभरचा बल्ब, मग पंचाहत्तरचा, मग साठचा आणि २०१२ मध्ये उरलेसुरले. जर्मनीत लोकांनी बल्बचे साठे करून ठेवले. तिथल्या दोघा वल्लींनी तर तोच बल्ब ‘छोटा हीटर’ म्हणून विकायला काढला. बहुतेक वीज उष्णतेत जाते हे सरकारच म्हणते ना, मग झाले! अर्थात सरकारने तेही थांबवले.

अमेरिकेची कथा वेगळी. आपल्यापैकी अनेकांची मुले तिकडे आहेत, त्यांनी ती पाहिली असेल. अध्यक्ष बुश यांनी डिसेंबर २००७ मध्ये कायद्यावर सही केली. त्यात बल्बवर नाव घेऊन बंदी नव्हती, अट होती : शंभरच्या बल्बचा उजेड ७२ वॉटमध्ये द्या. अंमल २०१२ पासून. तेवढ्यात त्याचे राजकारण झाले. ‘आमच्या घरात कोणता दिवा लावायचा हे सरकार कोण सांगणार?’ असा सवाल उठला. टेक्सासने २०११ मध्ये आपल्यापुरती पळवाट काढणारा कायदा केला. २०१९ मध्ये पुढचे नियम मागे घेतले गेले, ते पुन्हा आणले गेले आणि ऑगस्ट २०२३ पासून कडक अंमल सुरू झाला. म्हणजे सहीपासून सोळा वर्षे.

विरोध करणारे सगळे आडमुठे होते असे मला वाटत नाही. सीएफएल महाग होता, पेटायला वेळ घेई, उजेड पांढराफटक, आणि आत पारा. व्हर्जिनियातल्या विंचेस्टर गावचा जनरल इलेक्ट्रिकचा बल्ब कारखाना २०१० मध्ये बंद झाला तेव्हा सुमारे २०० माणसांची नोकरी गेली. नियमाची किंमत कोणीतरी मोजतच असते, आणि बहुधा ज्याला विचारलेले नसते तोच.

आपल्याकडे काय झाले? देशभर बंदी घालणारा कायदा आलाच नाही. २००९ मध्ये ‘बचत लॅम्प योजना’ आली : जुना बल्ब द्या, १५ रुपयांत सीएफएल घ्या. मधला फरक कार्बन क्रेडिट विकून भरायचा होता. पुढे त्या क्रेडिटचे भावच कोसळले आणि योजना मंदावली. मग जानेवारी २०१५ मध्ये एलईडीची योजना सुरू झाली, तीच पुढची ‘उजाला’. ईईएसएल या सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदीची निविदा काढली. २०१४ च्या सुरुवातीला एका बल्बचा खरेदीभाव ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये ३८ वर आला. ग्राहकाला रोख घ्या किंवा वीजबिलातून हप्त्याने फेडा, अशी सोय होती. ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. मोठ्या खरेदीने भाव पाडणे आणि हप्ता बिलात घालणे, ही शुद्ध बँकिंगची युक्ती. जे काम इतरत्र बंदीने केले, ते इथे भावाने केले.

आपल्या तीन विंगच्या जिन्यांत साठचे २४ बल्ब रात्रभर जळत. बारा तासांचे महिन्याला ५१८ युनिट. आज तेच काम ७८ युनिटमध्ये होते. त्यासाठी सर्वसाधारण सभेत कोणाचा आवाज चढला नाही. तक्रार आली ती फक्त वॉचमनची. थंडीत केबिनमधला बल्ब हात शेकायला उपयोगी पडे, ते सुख गेले. तक्रार रास्त होती. त्याला सोसायटीने जाड ब्लँकेट दिले.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण आहे. गच्चीवर सौर पॅनेल आणि प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर, हे दोन विषय येत्या सभेपुढे आहेत आणि व्हॉट्सॲपवर आत्ताच दोन तट पडले आहेत. एक म्हणतो सक्ती करा, दुसरा म्हणतो आमच्या घरात ढवळाढवळ नको. मला दोन्ही बाजू बल्बच्या इतिहासात भेटल्या आहेत. कमिटीला माझी विनंती एवढीच : आधी तीन कोटेशन घ्या, खर्चाचे हप्ते पाडा, आणि पेन्शनवर राहणाऱ्यांना व भाडेकरूंना त्याचा किती बोजा पडेल ते आकड्यांत मांडा. एवढे झाल्यावरही एकमत झाले नाही, तर नियम जरूर करा आणि मग तो सर्वांना सारखा लावा.

आणि एक घरगुती सूचना. माळ्यावर जुने सीएफएल पडून असतील तर ते ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, त्यात पारा आहे. वॉचमनच्या केबिनशेजारी त्यासाठी खोका ठेवला आहे. भरला की ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायचा आहे.