माढा

महाराष्ट्र राज्याच्या सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याचे मुख्य ठिकाण. हे सोलापूरच्या वायव्येस सु. ६० किमी. अंतरावर, पुणे–सोलापूर लोहमार्गावर वसले असून येथे नगरपंचायत आहे.

पश्चिमेकडील भीमा व पूर्वेकडील सीना या नद्यांदरम्यानच्या अवर्षणप्रवण पठारी प्रदेशात हा तालुका मोडतो. रब्बी ज्वारी हे येथील परंपरागत पीक. भीमेवरील उजनी धरण (यशवंतसागर) १९८० मध्ये पूर्ण झाल्यावर तालुक्यात उसाची लागवड वाढली. सोलापूरपर्यंतचा लोहमार्ग १८६० मध्ये सुरू झाला. परंतु १८९७ मध्ये बार्शीचा अरुंदमापी फाटा कुर्डूवाडीहून निघाल्याने जंक्शनचे महत्त्व त्या गावास लाभले.

अठराव्या शतकात हा परिसर निजामाच्या पदरी असलेल्या रावरंभा निंबाळकर या मराठा सरदार घराण्याच्या ताब्यात होता. गावातील भुईकोट किल्ला व ग्रामदैवत माढेश्वरीचे मंदिर ही या घराण्याने बांधल्याचे मानले जाते.

येथील विठ्ठलमंदिर संशोधकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. १६५९ मध्ये अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी पंढरपूरची विठ्ठलमूर्ती सुरक्षिततेसाठी माढ्यास आणली होती. संकट टळल्यावर ती परत नेण्यात आली व तिच्या वास्तव्याचे स्मारक म्हणून येथे दुसरी मूर्ती स्थापन झाली, अशी परंपरा आहे. रा. चिं. ढेरे यांनी श्रीविठ्ठल : एक महासमन्वय (१९८४) या ग्रंथात याच्या उलट मत मांडले. स्कंदपुराणांतर्गत म्हणून प्रसिद्ध असलेल्या पांडुरंगमाहात्म्यात विठ्ठलाच्या वक्षःस्थळी मंत्राक्षरे असल्याचे वर्णन येते. अशी अक्षरे पंढरपूरच्या विद्यमान मूर्तीवर नाहीत, माढ्याच्या मूर्तीवर मात्र कोरलेली आहेत. म्हणून माढ्याची मूर्ती हीच आद्य मूर्ती होय, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या मतावर बराच वाद झाला. माहात्म्यातील वर्णन समोर ठेवून माढ्याची मूर्ती मागाहून घडविली गेली असणेही संभवनीय असल्याने, केवळ अक्षरांच्या आधारे तिचे प्राचीनत्व निर्विवाद ठरत नाही. मूर्तींचे स्थलांतर हे मात्र अपवादात्मक नव्हते. औरंगजेबाच्या दक्षिणेतील मोहिमांच्या काळातही पंढरपूरची मूर्ती आसपासच्या गावी हलवावी लागली होती. वारकऱ्यांच्या लेखी पंढरपूरची मूर्तीच मूळ असून त्यांची आषाढी–कार्तिकीची वारी तेथेच जाते. माढ्याच्या मंदिराकडे त्या मानाने अभ्यासकांचेच लक्ष अधिक वेधले गेले आहे.